ऐनवेळचे विषय

माझ्या वाटणीला खाजण आलं तेव्हा दादा मोठ्याने हसला होता. "बाय, बगळे पाळ आता," म्हणाला.

मी हक्कसोड करून देईन असं त्याने धरून ठेवलं होतं. आमच्याकडे बहिणी तेच करतात. साडीचोळी घेतात, माहेरचा उंबरा शाबूत ठेवतात आणि दाखवतील तिथे सही करतात. मी केली नाही. एकतीस वर्षं ग्रामसेविकेची नोकरी केली, त्यात अशा किती बहिणी चावडीवर डोळे पुसताना पाहिल्या त्याची गणती नाही. मी ठाम आहे म्हटल्यावर दादाने राहतं घर आणि खाजणामागचा वरकसाचा उंच तुकडा स्वतःकडे ठेवला आणि खाडीलगतचं दीड एकर खाजण माझ्या नावावर केलं. आपण बहिणीला फसवलं असं त्याला वाटलं असणार. मला मात्र हवं होतं तेच मिळालं होतं.

खाजण म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून भातासाठी काढलेली खारी जमीन. आमच्या वडिलांनी ती प्राथमिक शिक्षकाच्या पगारातून घेतली होती. आमच्या वाडीतल्या माणसाला तेव्हा गावात दुसरी जमीन कोणी विकतही नव्हतं. वडील होते तोवर दरवर्षी पावसाआधी सगळं गाव बांधावर चिखल टाकायला उतरायचं. मग मुलं मुंबईला गेली, कोणी आखातात गेलं, बांधावर कोणी उतरेना. एका उधाणाला बांधाला खांड पडली, खारं पाणी आत आलं आणि भात कायमचं संपलं. खांड पुढे सरकारी खर्चाने बुजवली, पण जमीन सुधारली नाही. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गोडं पाणी साचायचं आणि दिवाळीनंतर हळूहळू आटायचं. त्या दोन-तीन महिन्यांत तिथे जे काही उतरायचं ते मी रिटायर झाल्यावर पहिल्यांदा नीट बघितलं. लांब तांबड्या पायांच्या शेकाट्या, शेपूट खालीवर करत चालणारे तुतवार, मान वाकडी करून उभे राहणारे चित्रबलाक. नावं मला कुठली माहीत असायला? भाचीने मोबाईलवर शोधून दिली.

पाणी आटलं की हे सगळे निघून जात. म्हणून मनात आलं, निम्म्या तुकड्यात कमरेइतकं खोल तळं खणावं, निघालेल्या मातीचा कडेने बुटका बांध घालावा, म्हणजे वैशाखापर्यंत पाणी टिकेल. पाखरांसाठी तळं. त्यात मासे सोडायचे नाहीत, नाव फिरवायची नाही, वर झोपडी बांधून पर्यटक ठेवायचे नाहीत. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मला आयुष्यात स्वतःच्या मनाने केलेली एक गोष्ट हवी होती, आणि ती ही होती.

जमीन माझी असली तरी खाजण खणायला तहसीलची परवानगी लागते, आणि तहसील आधी ग्रामसभेचा ठराव मागतं. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. ठराव कसा मिळतो तेही माहीत होतं. सभेत मिळत नाही, सभेआधी घरोघर फिरून मिळतो. मी फिरले. दादा माझ्याबरोबर फिरला.

हे मुद्दाम लिहून ठेवते. तो मोटरसायकल काढायचा, मला मागे बसवायचा आणि दर घरी माझ्याआधी बोलायचा. वीज मंडळात वायरमन होता तो. आमच्या गावातल्या प्रत्येक घराचा फ्यूज त्याने कधी ना कधी अपरात्री जाऊन बसवलेला. त्याला नाही म्हणणारं घर नव्हतं. मी एकटी गेले असते तर अर्ध्या घरांनी पाणी विचारून वाटेला लावलं असतं.

"जिताडे सोडणार काय गो?" सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. आमच्या भागात तळं म्हटलं की जिताडा.

"नाही. मासे धरायचेच नाहीत."

"मंग तलाव कशाला?"

"पाखरांसाठी."

मग लोक दादाकडे बघायचे. दादा मान डोलवायचा, म्हणजे बहीण शुद्धीवर आहे. कोणी म्हणालं मच्छर होतील, कोणी म्हणालं पाखरं भात खातील. एका घरात जाणत्या माणसाने खरी भीती बोलून दाखवली. "पक्षी आलं का वनखातं येतं. वनखातं आलं का आपल्याला आपल्याच जमिनीत पाय ठेवता येत न्हाय." दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "काका, खातं आलं तर मी हाय ना. माझी जमीन तिच्या मागंच हाय. तिचं बुडलं तर माझं पन बुडेल." यावर त्या घराने हो म्हटलं. कुवेतहून कायमचे परतलेले एक शेजारी तर आनंदाने तयार झाले. म्हणाले, "बाई, जिंदगीभर वाळू बघितली. आता म्हातारपणी पाणी बघू."

परत येताना मला भरून आलं होतं. हक्कसोड केली नाही म्हणून दोन वर्षं दादा माझ्याशी तोंडदेखलं बोलत होता, आणि आता तो माझ्यासाठी लोकांच्या पाया पडायचा बाकी राहिला होता. मी वहिनीला तसं बोलूनही दाखवलं. ती खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. दादा सूचक झाला, कुवेतचे शेजारी अनुमोदक झाले, सरपंचबाईंनी विचारलं कोणाची हरकत आहे का, आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला. ग्रामसेवक पोरगेलासा होता, तीन गावांचा चार्ज त्याच्याकडे. त्याला चारच्या आत दुसरी सभा गाठायची होती. सभा उठली तशी तो माझ्याकडे आला. "मॅडम, तुमचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. इतिवृत्त तुम्हीच उतरवता का? मी कच्चं टिपण ठेवलंय."

रीत म्हणून ते चूक होतं. ज्याचा विषय त्याने इतिवृत्त लिहायचं नसतं. पण सांगायला लाज वाटत नाही, मला गुदगुल्या झाल्या. नोकरीत असताना म्हसळ्याकडच्या डोंगरातल्या गावांत माझ्या अक्षराचं कौतुक होतं. दुसऱ्या ग्रामसेवकांना 'भाऊसाहेब' म्हणतात, मलाही काही म्हातारे सवयीने तेच म्हणायचे, आणि वर म्हणायचे, भाऊसाहेबांचं अक्षर पाहावं. मी शाळेच्या टेबलाशी बसले आणि सभेचं रजिस्टर उघडलं. हजेरीच्या सह्या आधीच घेतलेल्या होत्या, त्यात माझीही. मी माझ्या तळ्याचा ठराव लिहिला. एकही खाडाखोड नाही. मग खाली मथळा घातला, 'ऐनवेळचे विषय', अर्धं पान कोरं सोडलं, आणि पानाच्या तळाशी लिहिलं की सभेचे कामकाज संपल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले. त्याखाली सरपंचबाईंनी सही केली.

हे अर्धं पान म्हणजे काय ते ज्याने ग्रामपंचायत आतून पाहिलेली नाही त्याला सांगावं लागेल. सभा उठून लोक घरी गेले की कोणाला तरी आठवतं, अहो आमच्या आळीतला नळ राहिला. कोणाचा दाखला राहतो, कोणाच्या गल्लीतला दिवा राहतो. पुढची सभा तीन महिन्यांनी. मग तो विषय 'ऐनवेळी अध्यक्षांच्या परवानगीने' आला असं दाखवून त्या कोऱ्या जागेत बसवायचा. सगळेच सोडतात ती जागा. मला कोणी शिकवलं तेही आठवत नाही. मी त्याला लोकांची सोय म्हणत आले. त्या दिवशी माझ्या स्वतःच्या ठरावाखाली मी ती जागा सोडली आणि त्याचं मला काहीसुद्धा वाटलं नाही. वहाणा काढून घरात शिरावं इतकं ते अंगवळणी होतं.

रजिस्टर बंद करून मी भाचीच्या हातात दिलं. दादाची मुलगी. पंचायतीत करारावर कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. महिन्याभरात तिनेच मला पंचायतीच्या कागदावर छापलेला ना हरकत दाखला घरी आणून दिला. मी तो जोडून तहसीलला अर्ज केला. तहसीलनेही फार छळलं नाही. दिवाळीनंतर परवानगी आली. पाणी उतरलं की खणायला सुरुवात करायची असं ठरवून मी जेसीबीवाल्याशी बोलून ठेवलं.

माघात एका सकाळी मी खाजणावर गेले तर बांधावर मुरुमाचा डंपर उभा. दोन खेपा आधीच पडलेल्या होत्या, माझ्या पाण्यात. पाखरू एकही नव्हतं. मी चालकाला इतकं बोलले, इतकं बोलले की तो बिचारा खाली उतरून हात जोडायला लागला. म्हणाला, "मावशी, माझ्याकडं कागद हाय," आणि गाडीतून प्लास्टिकच्या पिशवीतली नक्कल काढून दिली.

ती माझ्या इतिवृत्ताची नक्कल होती. माझं अक्षर. माझा ठराव, जसाच्या तसा. त्याखाली माझा मथळा. आणि मथळ्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं की मागील जमिनीस वहिवाटीचा रस्ता नसल्याने सदर खाजणातून बारा फुटी रस्ता काढण्यात यावा, त्यास संबंधित जमीनधारकाने सभेत तोंडी संमती दिली आहे. सूचक म्हणून दादाचं नाव. अनुमोदक म्हणून माझं.

क्षणभर वाटलं, हे मीच लिहिलं आणि विसरले. खरंच तसं वाटलं. उन्हात उभी राहून मी आठवू लागले की कधी लिहिलं. मग आठवलं की माझ्यासारखं अक्षर या जगात आणखी एकाच माणसाचं आहे.

भाची लहान असताना मे महिनाभर माझ्याकडे म्हसळ्याला राहायची. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय फिरवावेत तसं. मी तिला चार रेघी वही आणून दिली, रोज एक पान माझं बघून गिरवायला लावलं, आणि एक पान झालं की एक बर्फाचा गोळा. पाच-सहा सुट्ट्या हे चाललं. शेवटी शेवटी तिचं पान कुठलं आणि माझं कुठलं ते आम्ही माझ्या नवऱ्याला ओळखायला लावायचो. तो दर वेळी चुकायचा आणि ती टाळ्या पिटायची.

मी तशीच चिखलाच्या पायांनी दादाकडे गेले. तो जेवायला बसला होता. मी नक्कल त्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्याने ती वाचली नाही.

"रस्त्यानं तुझं तलाव काय मरत न्हाय," तो म्हणाला. "कडेनं घे ना. अर्धं राहिलंच की."

"बारा फुटांचा भराव मधोमध घातलास तर कडेला काय राहतं? गटार राहतं."

"बाय, माझ्या जमिनीला तिन्ही बाजूंनी कुंपणं पडली. मुंबईची पार्टी रेवसला उतरून दोनदा येऊन गेली. जागा आवडली, वाट न्हाय म्हनून परत गेली. तुला पेन्शन हाय, तुझ्या मागं कोन न्हाय. मला पोरगी उजवायची हाय."

"मागितली असतीस वाट."

"तू दिली असतीस?"

मी खोटं बोलले नाही. "नसती दिली."

"मंग?" असं म्हणून तो भात कालवायला लागला.

त्या 'मंग'चा मला आजही संताप येतो. म्हणजे हा माणूस मला मोटरसायकलवर मागे बसवून गावभर फिरला तो माझ्या तळ्यासाठी नव्हताच. लोकांनी सभेला यावं, विषय माझा असावा, रजिस्टरवर माझी सही असावी, एवढ्यासाठी फिरला. माझ्या आनंदावर पाय देऊन तो पलीकडे गेला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. भाची घरात होती, तिची चप्पल मी दारात पाहिली होती. ती बाहेर आली नाही. वहिनी म्हणाली, हात धुवा, चार घास खाऊन घ्या. मी ताटाशेजारची नक्कल उचलली आणि निघाले.

त्या आठवड्यात मला एक म्हातारी सारखी आठवत राहिली. डोंगरातल्या एका गावात तिच्या परसातून पाण्याची लाईन गेली आणि तिचं फणसाचं झाड गेलं. ती माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाली होती, "मी कवा व्हय म्हनलं?" मी रजिस्टर फिरवून तिच्यासमोर धरलं आणि म्हटलं, आजी, सभेला होतात ना? अंगठा तुमचाच ना? ती अंगठ्याकडे बराच वेळ बघत बसली आणि निघून गेली. मला त्यात काही वावगं केल्यासारखं तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटलं. पण त्यामुळे दादावरचा राग तसूभर कमी झाला असं कोणी समजू नये.

मी तालुक्याला तक्रारअर्ज केला की पानाचा हा भाग सभेनंतर घुसडलेला आहे. काम तात्पुरतं थांबलं. खारफुटीची तिवरं तोडली असती तर कायदा आपणहून धावला असता, पण माझ्या तुकड्यात तिवराचं एक झाड नाही. माझ्या हाती होता तो एवढाच मुद्दा, की हे मी लिहिलेलं नाही.

सुनावणीच्या तीन दिवस आधी भाची आली. चहा ठेवते म्हणाली, ठेवला नाही, ओट्याला टेकून उभी राहिली. "आत्या, मला वाटलं तुला माहितीये. बाबा म्हणाले, आत्याने जागा त्यासाठीच सोडलीये, तिला लिहायला वेळ झाला नाही, तू पुरं कर. अक्षर सारखं पाहिजे म्हणाले."

"आणि मला विचारावंसं नाही वाटलं?"

ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. आजही मला कळत नाही की तिचं किती खरं होतं. सगळं खरं असावं असं वाटतं, आणि मग वाटतं, पाखरांची नावं शोधून देणारी पोरगी ती, बारा फुटी रस्ता कुठून जातो ते तिला कळलं नसेल?

सुनावणीला मी सगळे कागद क्रमाने लावून गेले होते. दादा समोरच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसला होता. तालुक्याच्या गटविकास अधिकारी साहेबांनी मूळ रजिस्टर मागवलं होतं. ते भिंग घेऊन पान बघत राहिले.

"ही जागा कोरी कोणी सोडली होती?"

"मी," मी म्हटलं. "तशी पद्धत असते."

"असते, माहितीये मला," ते म्हणाले, आणि थोडं हसले. "पण बाई, वरचं अक्षर आणि खालचं अक्षर मला एकच दिसतंय. तुम्ही म्हणता खालचं तुमचं नाही. मग कोणाचं ते सांगा. नाव सांगितलंत तर हा ठराव आत्ता रद्द करतो आणि त्या व्यक्तीवर गुन्हा नोंदवायला पत्र देतो. सांगता येत नसेल तर रजिस्टर तज्ज्ञाकडे पाठवतो, ते शोधून काढतील. कसंही असो, सरकारी दप्तरातला खोटा लेख आहे, त्यातून कोणी सुटणार नाही."

मी बोलायला तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. ते घेतलं की माझं तळं वाचत होतं, शेकाट्या पुढच्या दिवाळीला उतरायच्या होत्या आणि दादाच्या जमिनीला जन्मभर वाट मिळणार नव्हती. मी एकदा दादाकडे बघितलं, तो घाबरलेला दिसावा म्हणून. तो घाबरलेला नव्हता. तो पंख्याकडे बघत होता, डॉक्टरकडे आपला नंबर येईपर्यंत माणसं बघतात तसा.

तेव्हा मला कळलं की अक्षर सारखं पाहिजे म्हणून त्याने पोरीला बसवलं हे अर्धंच खरं होतं. ग्रामसेवकाला चार शब्द सांगून त्याने ते लिहून घेतलं असतं, किंवा स्वतः लिहिलं असतं. पण मग मी नाव घेतलं असतं.

"साहेब," मी म्हटलं, "माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. अक्षर माझंच आहे."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. तक्रार मागे घेतल्याचं एका कागदावर लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं, एकही खाडाखोड न करता. सही करून मान वर केली तेव्हा माझं पहिल्यांदा लक्ष गेलं की दादाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्याने वकील आणलाच नव्हता. त्याची बाजू मांडायला मी येणार होते.